एका दुकानातून दुसरा धंदा उभा करताना: ठाणे-नवी मुंबईतल्या घरच्या धंद्यांसाठी टप्प्याटप्प्याने

गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीया या दिवसांत नौपाड्यातल्या माझ्या ऑफिसात एकच मागणी घेऊन माणसं येतात: "मुलाला नवीन काहीतरी काढून द्यायचंय, तेवढा जीएसटी नंबर काढून द्या." जागा ठरलेली असते, डिपॉझिट देऊन झालेलं असतं, पाटीचं डिझाइन मोबाइलमध्ये तयार असतं. पैसा नक्की कोणाचा, धंदा कोणाच्या नावावर, तोटा झाला तर तो कोणाच्या खात्यात, यावर घरात कोणी बोललेलं नसतं. दीड वर्षाने तीच माणसं परत येतात. तोवर जुन्या दुकानाचं कॅश क्रेडिट खातं, म्हणजे माल खरेदीसाठी बँकेने ठरावीक मर्यादेपर्यंत दिलेलं कर्ज, काठोकाठ वापरलेलं असतं आणि दोघे भाऊ माझ्याकडे वेगवेगळ्या वेळी येतात.

हिशेबाची कामं करताना हे इतक्या वेळा पाहिलंय की आता लिहूनच काढते. बहुतेक घरांची धंद्याची निवड ठीक असते, क्रम उलटा असतो. आधी जागा, मग नाव, मग कर्ज, आणि सगळ्यात शेवटी हिशेब आणि कागद. खालचे टप्पे त्याच्या नेमके उलट लावलेत. एक पुरा झाल्याशिवाय पुढच्याला हात घालू नका.

उदाहरणासाठी एक घर डोळ्यांसमोर ठेवू. चार-पाच घरांच्या गोष्टी एकत्र करून मी ते मांडलंय. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारपेठेत मसाल्याचं दुकान, मागच्या खोलीत डंख, म्हणजे मसाला कुटायची गिरणी. दोन भावांची भागीदारी. थोरल्याच्या मुलीला पॅकिंगचे मसाले काढायचेत, तिने रबाळ्याला गाळा पाहून ठेवलाय. धाकट्याच्या मुलाला घोडबंदर रोडला मालवणी जेवणाचं छोटं हॉटेल टाकायचंय.

टप्पा 1: जुन्या दुकानाचा खरा नफा काढा

हा सगळ्यात कंटाळवाणा टप्पा आणि सगळ्यात महत्त्वाचाही. याला निदान दोन महिने द्या.

मसाल्याच्या दुकानाचा हंगाम मार्च ते मे. वर्षाचा मसाला करायला गिऱ्हाईक रांग लावतं, डंख रात्री नऊपर्यंत चालते, गल्ला भरलेला असतो. नेमके पाडवा आणि अक्षय्य तृतीया हे मुहूर्त याच दिवसांत येतात आणि भरल्या गल्ल्याकडे बघून निर्णय होतो. मे अखेर बँकेत 9 लाख दिसतात. त्यातले 5 लाख वाशीच्या मसाला मार्केटमधल्या व्यापाऱ्यांचे, मिरची आणि धण्याचे देणे असतात. ऑगस्टमध्ये डंख अर्धा दिवस बंद असते, पण कामगारांचा पगार तितकाच जातो. म्हणून हिशेब एका महिन्याचा नको, सलग बारा महिन्यांचा हवा. कपड्यांच्या दुकानाला दिवाळी, छत्री-रेनकोटवाल्याला जून. तुमचा हंगाम कोणताही असो, नियम हाच.

आता आकडे घ्या. समजा खरेदी, वीज, कामगार, वाहतूक असं सगळं जाऊन वर्षाला 15 लाख उरतात. घरात याला "नफा" म्हणतात. त्यातून पुढच्या गोष्टी वजा करा.

घरच्या माणसांचा पगार: थोरला भाऊ सकाळपासून गल्ल्यावर, धाकटा खरेदीला, वहिनी मागे निवडणं-पॅकिंग करतात. यांच्या जागी बाहेरची माणसं ठेवली तर महिन्याला 35,000, 30,000 आणि 18,000 द्यावे लागतील असं धरू. वर्षाचे 9,96,000.

जागेचं भाडं: दुकान स्वतःचं आहे किंवा जुन्या पागडीचं आहे म्हणून भाडं शून्य धरू नका. तसंच दुकान आज भाड्याने घेतलं तर 30,000 लागतील असं समजा. वर्षाचे 3,60,000.

15 लाखांतून 13,56,000 गेले. उरले 1,44,000. धंदा म्हणून दुकान एवढंच कमावतं. बाकी आहे ती घरच्यांची मजुरी आणि आजोबांनी घेतलेल्या जागेचं भाडं. हा आकडा पहिल्यांदा बघताना माणसं गप्प होतात. एका वहिनींनी तर पगाराच्या ओळीवर बोट ठेवून तो आकडा दोनदा मोठ्याने वाचला होता. पंचवीस वर्षांत त्यांच्या कामाला कोणी किंमत लावलेली नव्हती.

दुसरा आकडा वेगळा काढा. त्या 15 लाखांतून दोन्ही घरांचा वर्षाचा खर्च, विम्याचे हप्ते, फ्लॅटचा हप्ता गेला की हातात काय राहतं? समजा 4 लाख. त्यातले दीड लाख वाढलेल्या उधारीत अडकलेले. म्हणजे नव्या धंद्याला घरातून वर्षाला जेमतेम अडीच लाख निघतात. पहिला आकडा सांगतो की जुनं दुकान स्वतःच्या पायावर उभं आहे का. दुसरा सांगतो की त्यातून किती काढता येईल. हे दोन आकडे एकमेकांत मिसळू नका.

तपासा: गल्ल्यातून घरासाठी जाणारी रोकड, म्हणजे दूधवाला, देवळातली पावती, मुलांचे क्लास, हे सगळं सलग 60 दिवस वहीत लिहिलं गेलंय का? नसेल तर वरचे दोन्ही आकडे अंदाजच आहेत.

टप्पा 2: कोणाला काय हवंय ते एकेकाला विचारा

सगळ्यांना एकत्र बसवून विचारलंत तर मोठ्यांपुढे धाकटे बोलत नाहीत आणि सुना तर नाहीच. आधी प्रत्येकाशी वेगळं बोला. धंद्यात नसलेल्यांशीही बोला: नोकरी करणारा मुलगा, लग्न होऊन डोंबिवलीला गेलेली मुलगी. दुकान हिंदू अविभक्त कुटुंबाच्या, म्हणजे एचयूएफच्या पॅनवर असेल तर तिला विचारणं निव्वळ शिष्टाचाराचं राहत नाही. 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं की 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील हयात नसले तरी तो हक्क जन्माने मिळतो. तिला अंधारात ठेवून एचयूएफचा पैसा भावाच्या हॉटेलात घातला, तर वाद फार दूर नसतो.

मग नव्या धंद्याचा प्रकार ओळखा. तीन प्रकार असतात. तोच माल, नवी जागा: ही शाखा. त्याच मालाचं पुढचं किंवा मागचं पाऊल, जसं डंखेवरून पॅकिंगचा मसाला. आणि पूर्ण वेगळा धंदा, जसं हॉटेल. माझं मत स्पष्ट आहे: घरातून निघणारा पहिला नवा धंदा दुसऱ्या प्रकारचा असावा. खरेदीची ओळख, मालाची पारख आणि गिऱ्हाईक यांतल्या निदान दोन गोष्टी जुन्या दुकानातून फुकट मिळतात. हॉटेलला मसाला घरचा मिळेल हे खरं. पण हॉटेल चालतं ते कूक, जागा आणि भाडं यांवर, आणि त्यातलं काहीच जांभळी नाक्यावर शिकता येत नाही.

म्हणून हॉटेलचा हट्ट असेल तर मुलाने आधी सहा महिने दुसऱ्याच्या हॉटेलात पगारावर काम करावं. काउंटरवर नको, भटारखान्यात आणि खरेदीवर. इतका वेळ नसेल तर हॉटेलही आत्ता नको.

इशारा: दोन चुलत भावांचं पटत नाही म्हणून दुसरा धंदा काढत असाल तर ती वाटणी आहे. वाटणी वाटणीसारखीच करा, मालमत्ता मोजून आणि कागदावर. नव्या धंद्याच्या आडून केलेली वाटणी दोन्ही दुकानं खाते.

टप्पा 3: पैशाला वाट आणि हद्द आखून द्या

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

आधी हद्द. नव्या धंद्यात घरातून जास्तीत जास्त किती जाईल हा आकडा लिहून ठेवा. तो पूर्ण बुडाला तरी जुन्या दुकानाची एका हंगामाची खरेदी अडता कामा नये. आपल्या घराच्या हॉटेलला 18 लाख लागणार आणि घरातून तीन वर्षांचे मिळून साडेसात लाख निघणार, असं दिसलं तर हॉटेल लहान करा किंवा पुढे ढकला. 18 लाखांत सहा महिन्यांचं भाडं आणि पगार धरलेत का तेही बघा. बहुतेक अंदाजपत्रकं फर्निचर आणि उद्घाटनापाशी संपतात.

मग वाट. फर्मच्या खात्यातून थेट नव्या धंद्याच्या खात्यात पैसे पाठवू नका. फर्ममध्ये दोघा भावांचा पैसा आहे. धाकट्याच्या मुलाला द्यायचे असतील तर आधी धाकट्याच्या भांडवल खात्यातून उचल दाखवा, त्याच्या वैयक्तिक खात्यात घ्या, तिथून मुलाला द्या. थोरल्यालाही घालायचे असतील तर त्याची उचल वेगळी. एवढं केलं की "माझे किती गेले" या प्रश्नाला पाच वर्षांनीही पासबुक उत्तर देतं.

भेट की कर्ज, हे त्याच दिवशी ठरवा. वडील, आई, काका, मामा, आजोबा यांच्याकडून व्यक्तीला मिळालेल्या भेटीवर आयकर नाही. चुलत भाऊ मात्र कायद्याच्या "नातेवाईक" व्याख्येत बसत नाही. त्याच्याकडून वर्षात 50,000 पेक्षा जास्त भेट आली तर ती उत्पन्न धरली जाते. भेट व्यक्तीला द्यावी आणि तिने ती भांडवल म्हणून धंद्यात घालावी. परस्पर फर्मला किंवा एलएलपीला (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीला) "भेट" देऊ नये. बायकोला पैसे देऊन तिच्या नावे धंदा काढला तर त्या पैशावरचं उत्पन्न नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवलं जाऊ शकतं, हेही ध्यानात ठेवा.

कर्ज असेल तर साध्या कागदावर रक्कम, व्याज, परतफेडीची सुरुवात आणि दोघांच्या सह्या. 20,000 रुपये किंवा जास्त कर्ज रोखीने घेऊ नका, घरच्यांकडूनही नाही. त्यावर तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

इशारा: जुन्या दुकानाच्या कॅश क्रेडिटमधून नव्या धंद्याचं डिपॉझिट भरू नका. ते कर्ज मिरची आणि धण्यासाठी मंजूर झालंय. बँकेने विचारलं तर उत्तर नसतं, आणि त्या रकमेवरचं व्याज जुन्या दुकानाचा खर्च म्हणून नाकारलं जाऊ शकतं. शिवाय फेब्रुवारीत मिरचीचे सौदे करायची वेळ येते तेव्हा मर्यादा संपलेली असते, आणि हंगामच हातचा जातो.

बँकेचं कर्ज घ्यायचं तर आधी तारण न मागणारे मार्ग बघा. मुद्रा योजनेत 10 लाखांपर्यंत तारण लागत नाही. मोठ्या कर्जासाठी सूक्ष्म आणि लघुउद्योगांची सीजीटीएमएसई ही सरकारी हमी योजना आहे, तिची मर्यादा एप्रिल 2025 पासून 10 कोटी आहे. बँकेचा अधिकारी स्वतःहून हे सुचवेलच असं नाही, तुम्ही विचारा. राहतं घर तारण ठेवायला शेवटपर्यंत तयार होऊ नका. जामीन राहणाऱ्या काकांना एवढंच सांगा: 1872 च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक आधी पुतण्याकडे जाऊन मग तुमच्याकडे येईल, असं बंधन तिच्यावर नाही.

टप्पा 4: आधी जुनी फर्म दुरुस्त, मग नवी रचना

जुना भागीदारी करारनामा कपाटातून काढा. कित्येक घरांत तो पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा निघतो, एक भागीदार वारलेला असतो आणि पगाराच्या कलमात महिना 1,500 लिहिलेलं असतं. तीन गोष्टी तपासा.

पहिली, फर्मची नोंदणी रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे झाली आहे का. नोंद नसलेली फर्म उधारी वसुलीसाठी सहसा दावा लावू शकत नाही.

दुसरी, भागीदारांचं मानधन आणि भांडवलावरचं व्याज. करारात लिहिलेलं नसेल तर आयकरात वजावट मिळत नाही, आणि व्याजही 12 टक्क्यांपर्यंतच मान्य होतं.

तिसरी सगळ्यात धोक्याची. भागीदार वारला की, करारात वेगळं लिहिलं नसेल तर, 1932 च्या कायद्याने फर्म संपते. दोनच भागीदार असतील तर करारात लिहूनही उपयोग नाही, कारण एका माणसाची भागीदारी होत नाही. बँक खातं अडतं, जीएसटी नंबर नवा घ्यावा लागतो, वाशीचे व्यापारी उधारी थांबवतात. उपाय सोपा आहे: दोघेही धडधाकट असतानाच तिसरा भागीदार घ्या. मुलगी किंवा मुलगा, लहान हिश्श्याने का होईना. अठरा पूर्ण झालेले असावेत, कारण अल्पवयीन पूर्ण भागीदार होऊ शकत नाही.

आता नव्याची रचना. मुलीचं पॅकिंगचं युनिट जुन्या फर्मच्याच पॅनवर काढायचं की वेगळं? एकाच पॅनवर काढलं तर उद्यमची, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी एकच राहते, त्यात नवं काम जोडता येतं. महाराष्ट्रात त्याच जीएसटी नंबरात दुसरी जागा जोडता येते. कागद कमी. पण तोटाही एकत्र, आणि तिची मेहनत काकांच्या हिश्श्यातही जाते. मी सहसा वेगळं काढायला सांगते: ती एकटी असेल तर तिच्या नावे प्रोप्रायटरशिप, घरातला आणखी कोणी पैसा घालणार असेल तर एलएलपी. एलएलपीत भागीदाराची जबाबदारी त्याने घातलेल्या भांडवलापुरती राहते, पण वैयक्तिक जामिनावर सही केली की तो आडोसा गेला. आणि विक्री नसली तरी दरवर्षी 30 मे आणि 30 ऑक्टोबरपर्यंत विवरणपत्रं भरावीच लागतात.

हॉटेल मात्र जुन्या फर्मच्या पॅनवर कधीच घेऊ नका. कम्पोझिशन योजना, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के जीएसटी भरायची सोपी पद्धत, घ्यायची असेल तर ती पॅनवरच्या सगळ्या धंद्यांना एकत्र लागते आणि उलाढालही एकत्र मोजली जाते. नेहमीच्या पद्धतीत हॉटेलच्या बिलावर 5 टक्के कर लागतो, पण खरेदीवर भरलेला कर वजा मिळत नाही. जागामालक जीएसटीत नोंदलेला नसेल तर ऑक्टोबर 2024 पासून भाड्यावरचा 18 टक्के कर नोंदणीकृत भाडेकरूने स्वतः भरायचा आहे, कम्पोझिशनवाले सोडून. हॉटेलसाठी तो सरळ खर्च. 80,000 भाड्यावर महिन्याला 14,400. जागा बघायच्या आधी हा आकडा अंदाजपत्रकात घाला.

टप्पा 5: जागा

आता जागा. आपल्या भागात जागेचा कागद चार-पाच प्रकारचा असतो आणि प्रत्येकाचा खोडा वेगळा.

जुन्या ठाण्यातली पागडी: भाडेपावती अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी ती सरळ करा. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात दुकानाचा भाडेहक्क, भाडेकरू वारला तेव्हा त्याच्यासोबत तिथे धंदा करणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. म्हणून पुढच्या पिढीचं नाव आत्ताच भागीदारीत आणि दुकानाच्या कागदांत दिसायला हवं. आणि मालकाच्या लेखी संमतीशिवाय नव्या एलएलपीचा पत्ता पागडीच्या दुकानाचा देऊ नका. नवी संस्था म्हणजे पोटभाडेकरू, असा दावा मालक लावू शकतो. एका जीएसटी पत्त्यासाठी तीन पिढ्यांची जागा कोर्टात नेऊ नका.

एमआयडीसी: वागळे इस्टेट असो की रबाळे-महापे, भूखंड महामंडळाकडून दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने असतात. भागीदार बदलले, फर्मची कंपनी केली किंवा गाळा पोटभाड्याने दिला, तर महामंडळाची परवानगी लागते आणि शुल्क पडू शकतं. मुलीने गाळा भाड्याने घेण्याआधी मालकाकडे ती परवानगी आहे का, ते पत्र डोळ्यांनी बघावं. थ्री-फेज मंजूर भार किती हेही बिलावर बघा. पल्व्हरायझर (मसाला दळायचं यंत्र) आल्यावर भार कमी पडला तर वाढवून घेण्यात आठवडे जातात. ठाणे-नवी मुंबईत बहुतेक ठिकाणी महावितरण, कळवा-मुंब्रा-शीळ भागात टोरंट पॉवर.

सिडकोच्या नोडमधलं (नवी मुंबईतल्या वसाहतीतलं) दुकान: इथेही जमीन भाडेपट्ट्याची. विकत घेताना सिडकोचा हस्तांतर खर्च कोण भरणार, ते करारात हवं.

सोसायटीतला गाळा, घोडबंदर किंवा नेरूळला: खाण्यापिण्याला सोसायटीची लेखी ना हरकत आहे का, धुराचं धुरांडं कुठून जाणार, हे टोकन देण्याआधी. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं सक्तीचं आहे. करार 36 महिन्यांचा आणि लॉक-इन, म्हणजे जागा मध्येच सोडता न येण्याचा काळ, जेमतेम सहा महिन्यांचा मागा.

तपासा: वडिलांचा गाळा मुलाच्या नावे बक्षीसपत्राने करायचा विचार आहे? महाराष्ट्रात 200 रुपयांच्या मुद्रांकाची सवलत राहत्या घराला आणि शेतजमिनीला आहे, दुकानाच्या गाळ्याला नाही.

टप्पा 6: पाटीवरचं नाव कोणाचं

आडनावावर किंवा आजोबांच्या नावावर दुकान ओळखलं जातं आणि दोन्ही मुलांना तेच नाव हवं असतं. पाटी रंगवण्याआधी ट्रेडमार्कचा अर्ज करा. व्यक्ती आणि लहान उद्योगांना ऑनलाइन शुल्क प्रत्येक वर्गाला 4,500 रुपये आहे. मसाल्यासाठी वर्ग 30, हॉटेलसाठी वर्ग 43. नोंदणी 10 वर्षांची, पुढे नूतनीकरण होतं.

अर्ज जुन्या फर्मच्या नावे करा आणि दोन्ही नव्या धंद्यांना वापरण्याचा लेखी परवाना द्या. त्यात तीन गोष्टी असाव्यात: वर्षाला नाममात्र रक्कम, मालाच्या दर्जाची अट, आणि धंदा बंद पडला किंवा बाहेरच्याला विकला तर नाव परत. ज्याने आधी अर्ज केला त्याचं नाव, आणि उरलेल्यांनी पाहत राहायचं, अशी वेळ येऊ देऊ नका.

टप्पा 7: घरचा करार

चार-पाच पानं, साध्या मराठीत. वकिलाकडून नंतर तपासून घ्या, पण पहिला मसुदा घरातच लिहा.

नव्या धंद्यात शेवटचा शब्द कोणाचा, हे एका नावाने लिहा. "सगळे मिळून ठरवू" असं लिहिलेली घरं मी पाहिली आहेत. कूकचा पगार 2,000 ने वाढवायला त्यांना तीन संध्याकाळ लागल्या, तोवर कूक गेला. काका-वडिलांना मोठ्या खर्चापुरता नकाराचा अधिकार द्या, म्हणजे समजा 1 लाखाच्या वरचा, बाकी नाही.

चालवणाऱ्याला पहिल्या महिन्यापासून पगार लिहा, थोडका का होईना. घरातल्या दुसऱ्या कोणी तिथे वेळ दिला तर त्याचंही. मुलगी जुन्या डंखेवरून मिरची कुटून घेणार असेल तर किलोला किती, तेही.

थांबायची रेघ ओढा: अमुक महिन्यांनंतर महिन्याचा तोटा अमुकपेक्षा जास्त असेल, किंवा ठरलेली हद्द संपली, तर धंदा बंद होईल आणि कोणी कोणाला दोष देणार नाही. ही रेघ मुहूर्ताच्या आधी ओढलेली असेल तर पाळली जाते. नंतर ओढायला गेलात तर ती भांडणात मिटते.

बाहेर पडणाऱ्याचा हिस्सा कसा मोजायचा, किती हप्त्यांत द्यायचा. लग्न, परगावी जाणं, आजारपण या तिन्हींसाठी वेगळं वाक्य.

सोबत दोघा भावांची मृत्युपत्रं. नॉमिनी लावलाय म्हणून निर्धास्त राहू नका. नॉमिनी म्हणजे ताबा घेऊन वारसांना देणारा. शेअर्सच्या बाबतीतही तो मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलंय. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे, पण दोन साक्षीदार लागतात. ज्यांना काही मिळणार आहे ते साक्षीदार नसावेत.

टप्पा 8: परवाने आणि मुहूर्त

हे काम झटपट होतं, फक्त क्रम पाळा: पॅन, जागेचा करार, जीएसटी, बँक खातं, उद्यम (मोफत आहे, पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहा), व्यवसाय कर, दुकाने कायद्याखालची ऑनलाइन नोंद, म्हणजे आपली गुमास्ता. खाद्यपदार्थ असतील तर प्रत्येक जागेला वेगळं एफएसएसएआय (अन्नसुरक्षेची नोंद किंवा परवाना), जुन्या दुकानाचा नंबर नव्या पाकिटावर छापायचा नाही. हॉटेलला महापालिकेचा परवाना आणि अग्निशमनची ना हरकत.

मुहूर्त नंतर ठरवा. पाडवा हुकला तर दसरा आहे.

टप्पा 9: पहिले अठरा महिने

जुन्या दुकानातून नव्याकडे गेलेला एक किलो गरम मसालाही बिलाने जाऊ द्या. पॅन वेगळे असल्यामुळे तो कायद्याने पुरवठाच आहे, आणि घरातल्या नात्यात फुकट दिला तरी करातून सुटत नाही. बिलं नसली तर हॉटेल नफ्यात दिसतं आणि दुकान खंगत जातं.

कामगारही असेच. दुकानातला एक पोरगा दुपारी हॉटेलात आणि रात्री परत डंखेवर, हे बंद करा. पगार कोणी द्यायचा हा प्रश्न आहेच, शिवाय दोन्हीकडे माणसं, माल आणि मालक सरमिसळ असले तर पीएफचं सरकारी कार्यालय दोन्ही मिळून एकच आस्थापना मोजू शकतं.

महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, रात्री दुकान वाढवल्यावर बैठक घ्या. तीन आकडे: विक्री, देणी, बँकेतली शिल्लक. जेवणाच्या ताटावर हा विषय काढायचा नाही, असा नियम एका घराने केला होता. त्या घरातल्या आजी म्हणाल्या, दोन वर्षांनी पहिल्यांदा सगळे शेवटच्या भातापर्यंत पानावर बसले.

तपासा: सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या महिन्याला टप्पा 1 चाच हिशेब नव्या धंद्याचा करा, घरच्यांचा पगार आणि भाडं धरून. थांबायची रेघ ओलांडली गेली असेल तर करार काढा आणि त्यात लिहिलंय तसं करा.

टप्पा 10: जुनं दुकान कोणाच्या हाती

मुलं नव्या धंद्यांत गेली की दुकानाकडे बघायला कोणी उरत नाही, आणि घर चालतं ते अजून त्याच दुकानावर. तिसरा धंदा सुचायच्या आधी हे ठरवा. मुलीने पॅकिंगसोबत दुकानही बघायचं, की पगारी मॅनेजर ठेवायचा? मॅनेजर ठेवायचा तर टप्पा 1 मधले ते 35,000 आता खरोखर खर्चात पडतील, आणि दुकान ते पेलतं का हे तुम्हाला आधीच माहीत असेल.

सह्यांचे अधिकार एकदम देऊ नका, पण द्या. आधी 25,000 पर्यंतचे धनादेश, सहा महिन्यांनी लाखापर्यंत, वर्षाने पूर्ण.

खरेदी सोपवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. वाशीच्या व्यापाऱ्याने दिलेली तीस दिवसांची उधारी कागदावर कुठेच नसते, ती थोरल्या भावाच्या आवाजावर असते. बेडगी मिरची हातात घेऊन देठाकडून मोडून बघायची, वास घ्यायचा, पोत्याच्या तळात हात घालून ओल तपासायची, हेही तिथेच शिकावं लागतं. पहिल्या दोन हंगामांत मुलीला प्रत्येक खेपेला सोबत न्या आणि पेढीवर तिची ओळख "ही आता बघणार" अशी करून द्या. तिसऱ्या हंगामात भाव तिला करू द्या. तुम्ही बाहेर चहाच्या टपरीवर थांबा, आणि ती बाहेर आल्यावर भाव किती लागला ते विचारू नका, ती सांगेपर्यंत.